तिरक्या रेघेखालचा एफ शार्प

गिटारवर वाजवायच्या कागदावर ए मायनर सिक्स लिहिलं होतं, पुढे तिरकी रेघ आणि एफ शार्प. रेघेआधी कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वर), रेघेनंतर बेसचा, म्हणजे सगळ्यात खालचा स्वर, एवढं मला माहीत होतं. अडलं ते ‘मायनर सिक्स’पाशी. मायनर आहे म्हणजे सहावा स्वरही कोमलच असणार, असं धरून मी ए, सी, ई यांच्यात एफ घातला. वाजलं गोड, पण तो निघाला एफ मेजर सेव्हन. ‘मायनर’ हा शब्द तिसऱ्या स्वरासाठी असतो, सहावा शुद्धच राहतो, म्हणजे इथे एफ नाही, एफ शार्प. ए ला सा मानून मी गाऊन पाहिलं: सा, कोमल ग, प, शुद्ध ध. त्या ग आणि ध मधल्या ताणातच या कॉर्डचा जीव आहे, हे गळ्यातून आलं तेव्हा पटलं.

मग बोटं. मधलं बोट सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेवर, अनामिका चौथ्या आणि करंगळी तिसऱ्या, तिन्ही दुसऱ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्या). तर्जनी दुसऱ्या तारेवर, पहिल्या फ्रेटला. पहिली तार मोकळी वाजली तरी बिघडत नाही, तिचा ई हा स्वर कॉर्डमधलाच आहे. खरा त्रास पाचव्या तारेने दिला. तिचा ए सुद्धा कॉर्डमधलाच, पण एफ शार्पच्या इतका जवळ की खालचा आवाज गढूळ होतो. मधलं बोट जरा आडवं कलतं ठेवून त्याच्या शेंड्याने ती तार नुसती टेकवायची, दाबायची नाही. मी एकेक तार वेगळी छेडून तपासत राहिले. बरेच दिवस गेले.

तेव्हाच लक्षात आलं की एफ शार्प, ए, सी, ई म्हणजे एफ शार्प मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह. स्वर तेच, नाव दुसरं! पुढे बी सेव्हन आणि ई मायनर येत होते, आणि ई मायनरकडे जाण्याच्या नेहमीच्या क्रमात या जागी हीच कॉर्ड असते, म्हणून माझ्या कानाला हे दुसरं नावच खरं वाटतं.

मग एक प्रयोग केला. पाचव्या फ्रेटवर ए मायनर सिक्स धरला: मधलं बोट सहाव्या तारेवर, अनामिका तिसऱ्या-दुसऱ्या तारांवर आडवी, तर्जनी चौथ्या तारेवर चौथ्या फ्रेटला. बाकी हात तसाच ठेवून मधलं बोट पाचव्या तारेवर, त्याच फ्रेटला सरकवलं. बेसला डी आला, कॉर्ड डी नाइन झाली आणि ती सहसा जिथे विसावते त्या जी मेजरची कान वाट पाहू लागला.