रोजचं अर्धा किलोमीटर आडवं

दिवाळीनंतरचा शनिवार. सिंहगड रोडवरच्या आमच्या व्हील अलाइनमेंटच्या शेडमध्ये एक लाल स्विफ्ट आली. चालवणारा बावीस-तेवीस वर्षांचा, शेजारी वडील. दार उघडतानाच वडील म्हणाले, "दादा, यानं कुठून तरी कॅम्बर करून आणलाय. दोन महिन्यांत पुढचे दोन्ही टायर गेले. ते खूळ काढा आणि पहिल्यासारखं करून द्या."

मुलगा मान खाली घालून उभा. रोज धायरी ते चाकण नोकरीला, येऊन-जाऊन 80 किलोमीटर. आणि जमेल त्या रविवारी ऑटोक्रॉस. मोकळ्या जागेत कोन मांडायचे, एकेका गाडीनं वळणं काढायची, घड्याळ सांगेल तो निकाल. अशा वळणात गाडी बाहेर झुकते आणि टायर बाहेरच्या कडेवर येतो. चाकाचा माथा आधीच थोडा आत कललेला असेल, तर नेमक्या त्या वेळी टायर सपाट टेकतो. निगेटिव्ह कॅम्बर त्यासाठीच लागतो. मुलाची मागणी बरोबर होती.

टायरवर हात फिरवला. एका दिशेनं गुळगुळीत, उलट फिरवला की करवतीसारखा बोटांना लागत होता. आतल्या कडेला तर तार दिसायला लागली होती. नुसत्या कॅम्बरनं कड झिजते, पण करवत होत नाही. करवत टो करतो, म्हणजे वरून पाहिलं तर चाकाचं पुढचं टोक आत किंवा बाहेर वळलेलं असणं.

गाडी उचलून बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, बुश असे चाकाचे सगळे सांधे हलवून पाहिले. सांध्यांत प्ले, म्हणजे सैलपणा, असलेल्या गाडीचं अलाइनमेंट म्हणजे हलत्या पाटावरची रांगोळी, म्हणून हे मी कधीच सोडत नाही. सगळं घट्ट होतं. मग मशीनवर घेतली. कॅम्बर डावीकडे उणे 2 अंश 10 मिनिटं (60 मिनिटांचा एक अंश), उजवीकडे उणे दीड अंश. आणि टो बाहेर, प्रत्येक चाकाला 20 मिनिटं. ज्यानं कुणी काम केलं होतं, त्यानं चाक धरणाऱ्या स्ट्रटला एक्सेंट्रिक बोल्ट घालून चाकं कलवली आणि टो ज्यानं जुळवतात त्या टाय रॉडला हातच लावला नाही. चाक कललं की टो बदलतोच. म्हणून कॅम्बर आधी, टो शेवटी.

वडिलांना कागदावर हिशेब मांडून दाखवला. 20 मिनिटं म्हणजे अंशाचा तिसरा हिस्सा, पण त्यानं प्रत्येक चाक किलोमीटरमागे जवळपास 6 मीटर आडवं घासतं. 80 किलोमीटरला रोज अर्धा किलोमीटर. "साहेब, टायर याच्या रविवारानं नाही खाल्ले. चाकणच्या रस्त्यावर गेलेत."

ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग मुलाला म्हणाले, "टायर घेऊन ये."

नवे टायर चढल्यावर ड्रायव्हर सीटवर मुलालाच बसवलं, कारण गाडी त्याच्याच वजनानं पळणार. दोन्हीकडे कॅम्बर उणे दीड अंशावर आणला. जास्त देता आला असता, पण रोजच्या 80 किलोमीटरला मला तेवढाच पटतो. मागे सलग बीम, तिथे फिरवायला काही नाही. टो शून्यावर घेतला आणि टाय रॉडवर पांढऱ्या रंगाची खूण केली. मैदानावर दोन्हीकडे सारखाच थोडा बाहेर फिरवायचा म्हणजे गाडी पटकन वळते आणि स्टिअरिंगही सरळ राहतं. घरी निघताना परत खुणेवर. कॅम्बर बोल्टच्या डोक्यावरही रेघ ओढली. आपल्या खड्ड्यांत बोल्ट सरकला, तर रेघ तुटलेली दिसते.

"काका, पुढच्या वेळी टायरच्या कडेला खडू लावून पळवतो," जाताना तो म्हणाला.

दोन आठवड्यांनी दोघं परत आले. डाव्या पुढच्या टायरचा खडू कडेच्या छोट्या त्रिकोणापर्यंतच, म्हणजे हवा तेवढाच, पुसला गेला होता, त्याच्या खाली तसाच पांढरा. मुलगा मला दाखवत होता, आणि वडील गुडघ्यावर बसून नव्या टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवत होते, आधी एका दिशेनं, मग उलट.