बसंतर, आठ बाय चार

डिसेंबरचा पंधरवडा सरला की नगरची थंडी बोचायला लागते. १६ तारखेच्या जवळचा रविवार धरून आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळाचा मेळावा भरतो. सत्कार, अहवाल, वर्गणीचा हिशेब हे सगळं तासाभरात आटोपतं, कारण निम्म्या मंडळींचा जीव हॉलच्या मागच्या बाजूला लागलेला असतो. तिथे चार बाकं जोडून आठ बाय चारचं प्लायवूड टाकलेलं असतं आणि त्यावर बसंतरची लढाई मांडलेली असते.

सुरुवात झाली तेव्हा मी आठवीत होतो. दिवाळीची सुट्टी संपली होती, घरोघरचे किल्ले मोडायला आले होते. हस्तकलेच्या सरांनी सांगितलं, माती फेकू नका, मावळेही फेकू नका, शाळेत आणा. स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात यंदा रणांगण करायचं. लष्कराच्या के. के. रेंजवर रणगाड्यांचा सराव सुरू झाला की गावात धडधड ऐकू येते. ती ऐकत वाढलेल्या पोरांना रणगाड्यांची एकही लढाई नीट सांगता येऊ नये, याचं सरांना फार वाईट वाटायचं. त्यांनी बसंतर निवडली. पाकिस्तानातल्या शकरगडच्या मुलखात, भारत-पाक युद्धात, डिसेंबर १९७१ च्या कडाक्यात झालेली. तिथे लढलेल्या पूना हॉर्स या आपल्या रणगाडा रेजिमेंटची उभारणी १८१७ सालची, पुण्यातली. आणि त्या लढाईत परमवीरचक्र मिळवणारा एकवीस वर्षांचा सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल जन्मला तोही पुण्यातच.

त्या वर्षी आम्ही नुसता देखावा केला. वर्गातल्या एकाचे काका चिलखती दलातून रिसालदार म्हणून निवृत्त झाले होते. ते प्रदर्शन बघायला आले, बराच वेळ वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "फौजेत याला सँड मॉडेल म्हणतात. पण पोरांनो, हे नुसतं बघायचं नसतं. यावर हलायचं असतं." पुढच्या वर्षी त्यांनी नियम करून आणले. दोनशे पानी वहीत, निळ्या शाईत, समासासकट. ती वही आजही मंडळाच्या कपाटात आहे.

रणगाडे आम्हीच केले. काडेपेटीचं धड, अर्ध्या कापलेल्या काडेपेटीचा बुरूज, रिकाम्या रिफिलची तोफ, दोन्ही बाजूंना शर्टाची जुनी बटणं. आपले सेंचुरियन हिरवे, पाकिस्तानचे पॅटन मातकट. पुढे कुणीकुणी परदेशातून प्लास्टिकचे सुरेख रणगाडे आणले, तेही मांडतो. पण काडेपेटीचे रणगाडे बाजूला ठेवायला कुणी तयार होत नाही. त्यातल्या एकाच्या बुरुजावर पांढऱ्या रंगात फामागुस्ता असं लिहिलंय. खेत्रपालच्या रणगाड्याचं ते नाव, सायप्रसमधल्या बंदरावरून ठेवलेलं. खरा फामागुस्ता नंतर दुरुस्त करून आमच्या नगरलाच, चिलखती दलाच्या केंद्रात ठेवला गेला. हे कळलं तेव्हा आम्हा पोरांना काय वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. जिचं खेळणं आम्ही डिंकाने चिकटवत होतो ती वस्तू आमच्याच गावात होती!

बसंतर नदी निळीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या धडप्याची. काठचा उंच सरकंडा केरसुणीच्या काड्यांचा. पलीकडे जरपाल, सराज चक ही गावं पुठ्ठ्याची. आणि जमिनीत सुरुंग. ते पटावर दिसत नाहीत. पंचाकडे आलेखाच्या कागदावर चौकटी खुणावलेल्या असतात, तो कागद कुणाला दाखवायचा नाही.

खेळ सुरू होतो तो १५ च्या रात्रीपासून. हॉलमधले दिवे मालवतात आणि एकाच बॅटरीच्या उजेडात इंजिनिअर्सची बाजू खेळणारे सुरुंगांतून वाट काढायला लागतात. फासा टाकायचा, पडेल तेवढी बोटं पुढे सरकायचं, साफ झालेल्या वाटेच्या दोन्ही कडांना रांगोळीची रेघ ओढायची. रांगोळी रिसालदार काकांनीच सुचवली. खऱ्या रणांगणावर पांढरी फीत अंथरतात, अंधारात रणगाडा चालवणाऱ्याला तेवढाच आधार असतो म्हणाले. त्या वेळी हॉलमध्ये कुणी बोलत नाही. एकदा फासा हातात घेतलेल्या आमच्या एका मित्राला हुडहुडी भरली होती, आणि ती थंडीची नव्हती.

मग या खेळातला सगळ्यात अवघड क्षण येतो. वाट जेमतेम निम्मी झालेली असते आणि पलीकडे पोचलेल्या पायदळाकडून चिठ्ठी येते, शत्रूच्या रणगाड्यांची हालचाल वाढलीय. आता थांबायचं की उरलेल्या सुरुंगांतून तसंच पुढे जायचं? पूना हॉर्स थांबली नाही. लेफ्टनंट कर्नल हनुत सिंग यांच्या रेजिमेंटने रणगाडे न साफ झालेल्या पट्ट्यातून नेले आणि पहाटेच्या आत पायदळाला गाठलं. पुस्तकात हे एका ओळीत वाचून होतं. पटावर मात्र तुमच्यासमोर चौदा काडेपेट्या असतात, एका स्क्वॉड्रनच्या, आणि प्रत्येकीत चार माणसं आहेत हे काकांनी पहिल्याच वर्षी पक्कं बजावून ठेवलेलं असतं. मी चार-पाचदा त्या जागी बसलो. दोनदा थांबलो. दोन्ही वेळा उजाडेपर्यंत जरपालचं पायदळ एकटं पडलं आणि खेळ तिथेच हातचा गेला. थांबणं सुरक्षित वाटतं, पण त्याची किंमत पलीकडच्या तीरावरची माणसं मोजतात, हे मला त्या प्लायवूडवर समजलं.

उजाडलं की धूर. पाकिस्तानी रणगाड्यांनी १६ च्या सकाळी आठच्या सुमारास हल्ला केला तो धुराच्या पडद्याआडून. त्यासाठी गादी पिंजणाऱ्याकडून पसाभर कापूस आणलेला असतो. कापसापलीकडचा रणगाडा टिपायचा तर सहाच पडायला हवेत. एका वितीवर तीन पुरतात. दोन्ही सेनापती पटाजवळ उभे राहत नाहीत, शेजारच्या वर्गात बसतात. पाचवी-सहावीची पोरं चिठ्ठ्या घेऊन मधल्या व्हरांड्यातून पळतात, आणि चिठ्ठी पोचेपर्यंत पट बदललेला असतो. वायरलेसवरचा गोंधळ म्हणजे काय ते या पळापळीत उमगतं. हा नियम माझ्या मते वहीतला सगळ्यात चांगला नियम.

एका वर्षी चिठ्ठी टाकून बाजू वाटल्या आणि माझ्याकडे पॅटन आले. मला नको होते. मी कुरकुरलो, तेव्हा काका मला बाजूला घेऊन गेले. म्हणाले, "पाकिस्तानच्या तेराव्या लान्सर्सची माणसं त्या दिवशी पुन्हा पुन्हा चालून आली. तू मुद्दाम ढिला खेळलास तर आपल्यांचाच अपमान होईल." मी जिवाच्या आकांताने खेळलो. सात पॅटन घालवून जरपालच्या वेशीपर्यंत पोचलो आणि तिथे अडलो. संध्याकाळी काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, बोलले काही नाहीत. बऱ्याच वर्षांनी वाचनात आलं, की २००१ मध्ये अरुणचे वडील, ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, आपलं जन्मगाव बघायला पाकिस्तानात गेले होते. लाहोरला त्यांचं आतिथ्य केलं ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी. निघायच्या आदल्या रात्री नासेर यांनी त्यांना सांगितलं, की त्या सकाळी अरुणच्या समोर मीच होतो. ते वाचलं त्या डिसेंबरात मी आपण होऊन पॅटन मागून घेतले.

आता काका नाहीत. हस्तकलेचे सर थकलेत, पण खुर्चीवर बसवून आणलं की पंचाचा कागद त्यांच्याच हातात असतो. पट दोनदा बदलला. एका पावसाळ्यात कपाटात पाणी शिरून नदीचा धडपा आणि निम्मे पॅटन गेले, ते मुलांनी चार रविवार बसून नव्याने केले. मेळाव्याला येणाऱ्यांत आता आमची मुलंही असतात, आणि हिशेब मांडायला उठलेल्या खजिनदाराकडे कुणी बघत नाही हे जसंच्या तसं आहे.

फामागुस्ता नेहमी त्या वर्षीच्या सगळ्यात लहान खेळाडूकडे जातो. बी स्क्वॉड्रनने मदत मागितली की तो पुढे काढायचा. त्याच्यावर गोळा बसला, की पंच वहीत घडी करून ठेवलेली एक चिठ्ठी त्या खेळाडूच्या हातात देतो. तीत एवढंच असतं : रणगाडा पेटलाय, बाहेर पडा. मानायची की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं, आणि बाहेर पडणाऱ्याला कुणी एक शब्द बोलायचा नाही, असं काकांनी खाली दोन रेघा मारून लिहून ठेवलंय. खऱ्या खेत्रपालने वायरलेसवर कळवलं होतं की तोफ अजून चालतेय, आणि तो रणगाड्यातच थांबला.

गेल्या वर्षी तो रणगाडा सहावीतल्या एका मुलीकडे होता. चिठ्ठी हातात आली तेव्हा सगळा हॉल तिच्याभोवती गोळा झालेला. तिने ती दोनदा वाचली. मग सरांना विचारलं, "सर, तोफेला काही झालंय का?"

सरांनी कागद बघितला. नाही म्हणाले.

तिने चिठ्ठीची बारीक घडी केली, काडेपेटीच्या खाली सरकवली आणि फाशासाठी हात पुढे केला. बाहेर मैदानात हुरड्याची आगटी पेटली होती, कणसं भाजल्याचा वास आत येत होता, चटणी-गूळ घेऊन मंडळी हाका मारत होती. कुणी हललं नाही.

पाच पडले.