तुम्ही विचारलंत म्हणून: मराठी लिहिता लिहिता मधेच इंग्रजी का होतं?

‘छान मराठीत टाईप करत होतो आणि मधेच आपोआप इंग्रजी सुरू झालं. कीबोर्ड बिघडलाय का हो?’

मी दिवाळी अंकांची मांडणी आणि मुद्रितशोधन करते. त्यामुळे हा प्रश्न श्रावणापासून थेट नरक चतुर्दशीपर्यंत कानावर येतो. विचारणाऱ्यांत कथालेखक असतात, निवृत्त मुख्याध्यापक असतात, बँकेतली नोकरी सांभाळून कविता लिहिणाऱ्या बाई असतात. पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला: तो शॉर्टकट की काय तो आपल्याला हवा तसा बदलता येतो का? येतो. पण फोनवर ‘आता डावीकडे काय दिसतंय?’ असं करत सांगण्यात दोघांचाही जीव जातो, म्हणून एकदाच लिहून काढते.

कीबोर्ड बिघडलेला नसतो आणि ‘आपोआप’ही काही झालेलं नसतं. विंडोजमध्ये डावं ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून सोडलं की भाषा बदलते. ही सोय आहे, आणि तीच मराठी टाईप करणाऱ्याच्या मुळावर येते. इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठी मानक म्हणून ठरलेल्या मांडणीच्या कीबोर्डवर ख, घ, थ, ध, भ ही सगळी अक्षरं शिफ्ट धरूनच उमटतात. ‘साथ’ लिहिताना डाव्या करंगळीखाली शिफ्ट असतं, थ उमटतो, आणि ती करंगळी उचलायच्या आत डावा अंगठा स्पेसबारकडे निघतो. स्पेसबारला अगदी खेटून ऑल्ट आहे. अंगठा अर्धा इंच डावीकडे पडला की ऑल्ट-शिफ्ट झालं. पुढचा शब्द इंग्रजीत. तुम्ही कागदाकडे बघून टाईप करणारे असाल तर वर मान करेपर्यंत अख्खी ओळ गेलेली असते.

याचंच एक धाकटं भावंड आहे, ते जास्त छळतं. मराठीचेच दोन कीबोर्ड घातलेले असतील, समजा इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक (इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी उमटवणारा), तर कंट्रोल-शिफ्टने त्या दोघांत अदलाबदल होते. शब्द निवडायला आपण कंट्रोल-शिफ्ट धरून बाणाचं बटण दाबतो. बाण दाबायच्या आधीच मन बदललं, बोटं सोडली, की मांडणी बदलली. आता भाषा मराठीच दिसते, पण ‘क’च्या जागी क येईलच असं नाही. अशा वेळी लोक कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करतात आणि बरं वाटलं म्हणतात. कारण मात्र तिथेच असतं.

माझं उत्तर सरळ आहे: ही अदलाबदल बंदच करा आणि प्रत्येक भाषेला तिचं स्वतःचं बटण नेमून द्या. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज आणि तिथे खाली ‘इनपुट लँग्वेज हॉट कीज’. विंडोज १० मध्ये हेच टायपिंग ‘डिव्हायसेस’खाली सापडतं. उघडणारी छोटी चौकट जुन्या विंडोज एक्सपीच्या काळातली वाटेल. घाबरू नका, ती तशीच ठेवलेली आहे. पहिली ओळ भाषांच्या अदलाबदलीची असते. ती निवडून ‘चेंज की सीक्वेन्स’ दाबा आणि दोन्ही बाजूंना ‘नॉट असाइन्ड’ करा. त्याखाली तुमच्या एकेका कीबोर्डची ओळ दिसेल. मराठीच्या ओळीवर जाऊन डावं ऑल्ट-शिफ्ट-१ द्या, इंग्रजीला डावं ऑल्ट-शिफ्ट-२. आता सध्या कुठली भाषा चालू आहे हे आठवायची गरज नाही. १ दाबलं की मराठीच, दहादा दाबलं तरी मराठीच.

कंट्रोल-शिफ्ट आणि आकडा हीही जोडी तिथे मिळते, पण एक्सेल वापरत असाल तर ती घेऊ नका. कंट्रोल-शिफ्ट-१ एक्सेलमध्ये आकड्यांच्या फॉरमॅटसाठी आहे. शॉर्टकटच्या बहुतेक तक्रारींचं मूळ हेच असतं: एकाच सातबाऱ्यावर दोन नावं. विंडोज म्हणतं हे बटण माझं, वर्ड म्हणतं माझं, आणि मागे गपचूप चाललेलं स्क्रीनशॉटचं एखादं सॉफ्टवेअर दोघांच्या आधी हात मारून मोकळं होतं. (वर्डमध्ये ऑल्ट-शिफ्ट-१ आउटलाइन व्ह्यूमध्ये लागतं. तो व्ह्यू वापरणारा लेखक मला अजून भेटायचाय.)

म्हणून कोणी ‘शॉर्टकट चालत नाही’ म्हटलं की मी आधी विचारते, कुठे चालत नाही? नोटपॅड उघडून तिथे करून बघा. तिथे चाललं आणि वर्डमध्ये नाही, तर तंटा वर्डशी. कुठेच नाही, तर विंडोजशी किंवा खुद्द बटणाशी. बटणाची शंका असेल तर विंडोज-कंट्रोल-ओ दाबून पडद्यावर कीबोर्ड आणा आणि खरं बटण दाबताना पडद्यावरचं उजळतं का ते बघा. चित्रातलं उजळलं तर बटण ठणठणीत आहे, दुरुस्तीवाल्याकडे जाऊ नका.

तरीही ‘१ दाबलं तर इंग्रजीच राहतं’ असं कोणी म्हटलं तर कीबोर्डची यादी बघा. आपल्याकडच्या कॉम्प्युटरवर बऱ्याचदा दोन इंग्रजी असतात, एक अमेरिकेचं आणि एक भारताचं. जुन्या अदलाबदलीत एका इंग्रजीतून दुसऱ्या इंग्रजीत उडी पडायची आणि माणसाला वाटायचं, शॉर्टकट मेला. अमेरिकेचं काढून टाका, भारताचं ठेवा. त्यात उजवं ऑल्ट आणि ४ दाबलं की रुपयाचं चिन्ह येतं. २०१० साली आलेलं हे चिन्ह आजही ‘रु.’ लिहून टाळणारे लोक आहेत, त्यांच्यासाठी हा बोनस. एवढं मात्र लक्षात ठेवा की या मांडणीत उजवं ऑल्ट म्हणजे विंडोजच्या हिशेबी कंट्रोल आणि ऑल्ट दोन्ही. तेव्हा स्वतःचे शॉर्टकट बनवताना कंट्रोल-ऑल्टच्या जोड्या शक्यतो नकोत, पुन्हा सातबाऱ्याची भानगड होते.

किरकोळ तक्रारी भराभर सांगते. पासवर्ड बरोबर असून चुकीचा म्हणतो: ठिपक्यांमागे मराठी उमटत असेल, लॉगिनच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यातली भाषेची खूण बघा. एफ२ दाबलं की एक्सेलचा रकाना उघडण्याऐवजी उजेड कमी-जास्त होतो: बऱ्याच लॅपटॉपवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबलं की ते पूर्ववत होतं. बटण नुसतं टिचकी मारल्यासारखं दाबलं तर अक्षरच येत नाही, दाबून धरलं तरच येतं: उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबलं गेलंय आणि ‘फिल्टर कीज’ चालू झालंय. विचार करत बसणाऱ्या कवींना हा शेवटचा आजार हमखास होतो. सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत जाऊन तो शॉर्टकटच बंद करा.

मॅकवाल्यांचं सोपं आहे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ‘इनपुट सोर्सेस’मध्ये गेलात की कॅप्स लॉकने मराठी-इंग्रजी बदलायची सोय मिळते. मराठीत कॅपिटल अक्षरं नसल्यामुळे ते बटण नाहीतरी धूळ खात असतं. विंडोजवरही तसं हवं असेल तर मायक्रोसॉफ्टचंच पॉवरटॉइज नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यातल्या ‘कीबोर्ड मॅनेजर’मध्ये कोणतंही बटण दुसऱ्या बटणाच्या किंवा शॉर्टकटच्या जागी बसवता येतं. ते मागे चालू असेपर्यंतच हे टिकतं, आणि लॉगिनच्या पडद्यावर लागू होत नाही, हे धरून चाला.

आता ज्यात माझा सगळ्यात जास्त वेळ जातो तो भाग. दिसायला सारखी आणि आतून वेगळी अक्षरं.

‘ॲप’ हा शब्द घ्या. यातला ‘ॲ’ युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकात, स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ साली आला. राज्य शासनाने वर्णमालेत त्याला रीतसर जागा दिली २००९ साली. इन्स्क्रिप्टची मांडणी मात्र त्याच्या कितीतरी आधीची, १९९१ च्या भारतीय मानकातली. तिथे हे अक्षर नव्हतंच. मग लोकांनी ‘अ’वर चंद्र ठेवून काम भागवलं, काहींनी हिंदीतला ‘ऍ’ घेतला. छापल्यावर पहिले दोन एकसारखे दिसतात. पण शोधायला गेलं की कॉम्प्युटर हात वर करतो, कारण त्याच्या लेखी ही तीन वेगळी अक्षरं आहेत. एका लेखात ‘ॲडमिशन’ शोधून सगळीकडे ‘प्रवेश’ करायचं ठरवलं, आणि निम्मे जागच्या जागी राहिले, असं होतं ते यामुळे.

‘ऱ्य’चं याहून वाईट. तो दोन प्रकारे लिहिता येतो. एकात ‘ऱ’ हे नुक्त्याचं (खाली टिंब असलेलं) अक्षर, मग हलन्त (पाय मोडल्याची खूण), मग य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह, मग य. दिसायला फरक शून्य. पण मजकूर ईमेलमधून, मोबाईलमधून, कुठल्याशा वेबसाइटमधून फिरून येतो तेव्हा वाटेत एखादा प्रोग्रॅम ते अदृश्य चिन्ह कचरा समजून गाळून टाकतो. मग सह्याद्रीच्या दऱ्यांचा ‘दर्या’ होतो, आणि स्पेलचेकरला त्यात काही वावगं वाटत नाही, कारण दर्याही मराठीच. म्हणून पहिलीच पद्धत वापरा. इन्स्क्रिप्टवर शिफ्ट आणि जे, मग डी, मग तिरक्या रेघेचं बटण: ऱ, हलन्त, य.

वर्डमध्ये या अक्षरांना स्वतःचा शॉर्टकट देता येतो. इन्सर्टमधून सिम्बॉल, मग ‘मोअर सिम्बॉल्स’, तिथे ॲ निवडा आणि खालचं ‘शॉर्टकट की’ दाबा. हवी ती जोडी दाबलीत की ती आधीच कोणाच्या नावावर आहे का हे वर्ड तिथल्या तिथे दाखवतं. ते वाचूनच पुढे जा. हे सगळं नॉर्मल नावाच्या टेम्प्लेटमध्ये साठतं, म्हणजे नवा कॉम्प्युटर घेतलात की शॉर्टकट मागे राहतात. तो टेम्प्लेट उचलून नव्या जागी ठेवला की आले. एवढा खटाटोप नको असेल तर इंग्रजी कीबोर्डवर जाऊन, इंग्रजी आकड्यांत ०९७२ लिहा आणि लगेच ऑल्ट-एक्स दाबा. आकड्यांचा ॲ होतो. ०९३१ चा ऱ होतो. पहिल्यांदा करणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

जुन्या फाईलींबद्दलही फोन येतात. ‘पंधरा वर्षांपूर्वीची कथा उघडली तर नुसती अगम्य रोमन अक्षरं.’ कथा सुखरूप आहे. श्रीलिपी, कृतिदेव, डीव्ही-टीटी सुरेख अशा फॉन्टांच्या जमान्यात फाईलमध्ये मराठी नसायचंच. असायची रोमन अक्षरं आणि चिन्हं, त्यांना फॉन्ट मराठीचा चेहरा द्यायचा. फॉन्ट नाही तर चेहरा नाही. तो फॉन्ट मिळवा, किंवा नेमक्या त्याच फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टर वापरा. कुठल्याही कन्व्हर्टरने होत नाही, कारण प्रत्येक घराण्याची अक्षरांची जागा वेगळी. आणि मूळ फाईल फेकू नका. कन्व्हर्टर रफार आणि पहिली वेलांटी यांत हमखास गोंधळ घालतात.

वेलांटीवरून आठवलं. अंक लावणाऱ्या तरुण मंडळींचा प्रश्न असतो की वर्डमध्ये नीट असलेला मजकूर इनडिझाईन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये आणल्यावर पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन पडते आणि जोडाक्षरं सुटी होतात. फॉन्ट बदलत बसू नका. परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये कंपोझर (अक्षरं जुळवून ओळी लावणारा भाग) म्हणून ‘अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडा. फोटोशॉपमध्येही याच नावाचा, म्हणजे ‘वर्ल्ड-रेडी’, पर्याय आहे. साधा कंपोझर देवनागरीची अक्षरं एकामागून एक ठेवतो, त्यांची जागा बदलणं त्याला येत नाही.

यंदा मला मजकूर पाठवणार असाल तर वर्डच्या फाईलीबरोबर त्याच फाईलीचा पीडीएफही जोडा. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसवलेला असतो, त्यामुळे तुमच्या पडद्यावर जे दिसलं तेच मला दिसतं. तुम्ही दऱ्या लिहिल्यात की दर्या, हे विचारायला मग रात्री साडेदहाला फोन करावा लागत नाही.