पूर्ण बाह्यांचे शर्ट

रविवार, डिसेंबरचा पहिला आठवडा

सोसायटीच्या सभेत कपडे गोळा करण्याचा विषय निघाला तेव्हा मी एकच आग्रह धरला, की आपल्या कपाटात काय जास्तीचे झाले आहे हे पाहण्याआधी, ज्यांना द्यायचे त्यांना काय हवे आहे हे विचारावे. तो मान्य झाला याचे मला मनापासून समाधान आहे, कारण कपडे जमवणे मुळीच कठीण नाही. पुण्यातल्या कुठल्याही चारमजली इमारतीतून एका दिवसात खोली भरेल इतके कपडे निघतात. त्यांतला कोणता कपडा कोणाच्या अंगाला लागेल हे ठरवणे मात्र कठीण आहे.

आम्ही ज्यांच्यासाठी कपडे गोळा करणार आहोत ती माणसे दौंड तालुक्यात एका साखर कारखान्याजवळच्या तळावर उतरली आहेत. बीड जिल्ह्यातून आणि पाथर्डीकडून आलेली ही ऊसतोड कुटुंबे मुकादमाकडून उचल म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम घेऊन दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळपाचा हंगाम संपेपर्यंत, बांबू, चटया आणि प्लास्टिकच्या कागदाच्या कोपीत राहतात. त्यांची काही मुले जवळच्या जिल्हा परिषद शाळेत येऊन बसतात. तिथल्या बाईंनी मुलांमार्फत आणि नंतर स्वतः कोपीकोपीत जाऊन एक यादी केली व ती आज मला पाठवली.

यादीतली पहिलीच ओळ वाचून मी थांबले. बायकांसाठी पुरुषांचे पूर्ण बाह्यांचे सुती शर्ट, असे तिथे लिहिले होते. उसाच्या पात्याची कड करवतीसारखी असते आणि पानावरची बारीक कुसळे अंगात शिरली की खाज दिवसभर जात नाही, म्हणून तोडणीला जाणारी प्रत्येक बाई साडीवर असा शर्ट घालते. शेतात राबणाऱ्या बायका मी लहानपणापासून त्या वेशात पाहिल्या आहेत. तो शर्ट त्यांना मिळतो कुठून, हा प्रश्न मात्र आजवर कोणी आमच्यासमोर ठेवला नव्हता. त्याखाली मऊ सुती साड्या, मुलांचे स्वेटर आणि कानटोप्या, जाड चादरी आणि बंद बूट, कारण तोडलेल्या उसाचे खुंट पायात घुसतात. शेवटी एका ओळीत, नायलॉनचे आणि झिरझिरीत कपडे नकोत, कोपीत चूल अंथरुणाच्या अगदी जवळ असते, अशी सूचना होती.

सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, की गरज असणाऱ्याला इतकी निवड कशाला हवी, जे देऊ ते उपयोगीच पडेल. त्यांच्या मनात काहीही वाईट नव्हते, पण मला हे म्हणणे पटत नाही. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून जुन्या कपड्यांचे ढीग येऊन पडले आणि त्यांतले कितीतरी कपडे रस्त्याच्या कडेला तसेच राहिले. घर, होडी, जाळी सगळे गमावलेल्या मच्छीमारांना दुसऱ्याचे टाकलेले कपडे नको होते. दिल्लीच्या ‘गूंज’ या संस्थेने ते कपडे उचलून, निवडून कामी आणले. त्या संस्थेचे अंशू गुप्ता यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कपडा हे दान म्हणून देऊ नये, गावाने रस्ता दुरुस्त करावा, विहीर खणावी आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडा घ्यावा, अशी त्यांची पद्धत आहे. मी हे सगळे सांगितले तेव्हा त्या सभासदांनी शांतपणे ऐकून घेतले आणि यादी सूचनाफलकावर स्वतः लावली.

शनिवार, रात्री

दिवसभर सभागृहात सतरंज्या अंथरून निवड चालली होती. बसून बसून पाठ भरून आली आहे, तरी आज जे पाहिले ते लिहून ठेवल्याशिवाय झोप लागणार नाही.

लोकांनी भरभरून दिले. फक्त धुतलेले आणि पूर्ण वाळलेले कपडे घेऊ, असे आधीच लिहिले होते, आणि बहुतेकांनी ते पाळले; काहींनी तर इस्त्री करून आणले. तरीही प्रत्येक कपडा हातात घेऊन उजेडासमोर धरावा लागतो. शर्टाची काख विरली आहे का, बटणे पूर्ण आहेत का, मनगटाचे बटण लागते का (तोडणीच्या शर्टाला तेच सर्वांत महत्त्वाचे), मुलांच्या चड्डीचे इलॅस्टिक सैल पडले आहे का, चेन वरपर्यंत जाते का. खिसे तपासताना एसटीची तिकिटे, नाणी, औषधाच्या गोळ्यांची अर्धी पाकिटे निघाली. गोळ्यांमुळे तर मी सर्वांना दुसऱ्यांदा खिसे पाहायला लावले, कारण तळावर हे कपडे आधी लहान मुलांच्या हाती पडणार. परकर आणि पायजमे यांतल्या निम्म्यांना नाडी नव्हती. बिननाडीचा परकर देणे म्हणजे घेणाऱ्या बाईला पुन्हा बाजारात पाठवणे, म्हणून संध्याकाळी नाड्यांचे एक मोठे बंडल आणले आणि वरच्या मजल्यावरच्या दोन कॉलेजच्या मुलींनी सुरक्षा-पिनेने त्या ओवून काढल्या.

दुपारी शेजारच्या आजी स्वतः जिना उतरून आल्या. त्यांच्या हातात त्यांच्या सासूबाईंची दोन सुती नऊवारी लुगडी होती, डांबराच्या गोळ्यांचा वास असलेली, धुऊन धुऊन अगदी मऊ झालेली. “माझ्या सुनांपैकी कोणी नेसणार नाही, आणि पायपुसणी करायला मन धजत नाही,” असे म्हणून त्या थोडा वेळ तिथेच बसल्या. मी त्यांना यादी दाखवली. मुले सांभाळायला तळावर म्हाताऱ्या आयाबाया येतात, त्यांतल्या काही अजून नऊवारी नेसतात आणि दुकानात आता साधे सुती लुगडे सहज मिळत नाही, हे बाईंनी लिहिलेले वाचून आजींनी लुगड्यांची घडी पुन्हा नीट केली आणि एक दिवस उन्हात टाकून वास घालवायला मला बजावले.

आणखी एक काम होते, ज्याबद्दल सभेत कोणी बोलले नव्हते. बाईंनी मला वेगळा फोन करून सांगितले होते, की बायकांना पाळीच्या दिवसांसाठी स्वच्छ, मऊ सुती कापड हवे आहे. पहाटे फडात जायचे, दुपारपर्यंत मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहायच्या, आडोसा नाही, पाणी नाही. अशा ठिकाणी जे हाताला येईल ते फडके वापरले जाते आणि त्याचा त्रास अंगावर काढला जातो. आम्ही काही जणींनी जुन्या सुती चादरी आणि पंचे वेगळे काढले, उकळत्या पाण्यात घातले, गच्चीवर कडक उन्हात वाळवले, सारख्या मापाने कापले आणि छोट्या गाठोड्या बांधल्या. हे काम बंद दारामागे करायचे की सगळ्यांसमोर, यावर थोडी कुजबुज झाली. मी सगळ्यांसमोर करायचा हट्ट धरला. अन्नाइतक्याच आवश्यक गोष्टीबद्दल इतका संकोच बाळगून आपण बायकांचे आजवर फार नुकसान केले आहे, असे मला ठाम वाटते.

लग्नातल्या शेरवान्या, खड्यांचे घागरे, टायांचे गठ्ठे, कार्यालयांच्या वर्धापनदिनाचे टी-शर्ट हे सगळे बाजूला ठेवले आहे. देणाऱ्यांना परत करायचे की काय करायचे, ते पुढे पाहू.

मंगळवार

आजची नोंद छोटी आहे. कोपऱ्यावरच्या शिंपीकाकांनी बटणे आणि इलॅस्टिक बसवून दिले व त्याचे पैसे घेतले नाहीत. गोण्यांवर मार्करने ठळक लिहिले: शर्ट मोठे, शर्ट मध्यम, मुले ५ ते ८ वर्षे, मुली ९ ते १२ वर्षे, तान्ही बाळे. सभागृहात गाडगेबाबांच्या दशसूत्रीचा फलक आहे. भुकेल्यांना अन्न आणि तहानलेल्यांना पाणी यांच्यानंतर लगेच उघड्यानागड्यांना वस्त्र येते. स्वतः चिंध्या जोडून केलेले वस्त्र अंगावर घेऊन गावोगाव झाडू हातात धरणाऱ्या माणसाने वस्त्राला इतके वरचे स्थान दिले, हे गोण्या शिवताना सारखे मनात येत होते. २० डिसेंबर ही बाबांची पुण्यतिथी. त्याच आठवड्यात तळावर जायचे ठरले आहे.

रविवार, तळावरून आल्यावर

आम्ही संध्याकाळी गेलो, कारण त्याआधी तळावर मुले आणि म्हातारी माणसेच असतात. वाटताना कोणाचेही छायाचित्र काढायचे नाही, हे गाडीत बसतानाच पक्के केले होते. देणगीदारांना पुरावा हवा असेल तर रिकाम्या गोण्या दाखवू, पण ज्या बाईला आपण ओळखत नाही तिचा हात पुढे आलेला फोटो आपल्या फोनमध्ये ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही.

रांग लावली नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी लोक जुने कपडे विकत घेतात, तेव्हा ते उलटून पाहतात, अंगाला लावतात, नको असेल तर खाली ठेवतात आणि पुढे जातात. तेवढे स्वातंत्र्य फुकट घेणाऱ्यालाही मिळाले पाहिजे, असे मला वाटते. म्हणून दोन टायरगाड्यांच्या मध्ये दोऱ्या बांधून आम्ही शर्ट आणि साड्या टांगल्या, मुलांचे कपडे वयाप्रमाणे चटईवर मांडले आणि आम्ही मागे उभ्या राहिलो. नाममात्र दहा रुपये किंमत ठेवावी, म्हणजे घेणाऱ्याला मिंधेपणा वाटणार नाही, अशी एका सभासदाची सूचना होती. तिच्यामागचा विचार चांगला आहे. पण उचलीचे कर्ज अंगावर घेऊन आलेल्या माणसाकडे डिसेंबरात दहा रुपयेसुद्धा मोजूनमापून असतात, म्हणून मी ती मानली नाही.

सुरुवातीला कोणी जवळ येईना. मग एक तरुण बाई आली, तिने एका निळ्या शर्टाची बाही स्वतःच्या हाताला लावून पाहिली, मनगटाचे बटण लावून काढले, कापड चिमटीत धरून ओढले आणि तो खाली ठेवून दुसरा उचलला. “बाह्या लांब बघा, ताई. पाचटानं हात चिरतेत,” ती मला म्हणाली आणि तिने बाही वर करून हात दाखवला. कोपरापासून मनगटापर्यंत बारीक, उभ्याआडव्या रेघा होत्या, काही जुन्या, काही त्याच दिवसाच्या. त्यानंतर बायका आल्या, एकमेकींना माप सांगू लागल्या, एकीने निवडलेला शर्ट दुसरीच्या अंगाला चांगला बसतो म्हणून तिला देऊनही टाकला. मऊ साड्यांसाठी तान्ह्या बाळांच्या आया आधी पुढे झाल्या. त्यांना त्या नेसायच्या नव्हत्या, झोळीसाठी हव्या होत्या. आजींची दोन्ही लुगडी एकाच म्हातारीने घेतली आणि ती लगेच कोपीत जाऊन त्यांतले एक नेसून आली.

कापडाच्या गाठोड्या बाईंनी एका कोपीत ठेवल्या होत्या. तिथे बायका एकेक करून जात होत्या आणि बराच वेळ आत बोलत बसत होत्या. त्या बोलण्यातले फार थोडे मला कळले, पण पुढच्या वेळी सोबत एखाद्या स्त्री-डॉक्टरला नेले पाहिजे एवढे निश्चित कळले.

बूट कमी पडले. पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा त्याच्या आईसाठी बूट शोधत होता; त्याला सापडलेले सगळे मोठे होते. पुढे कापड भरून चालतील का, असे त्याने विचारले. सरीत पाय घसरेल, म्हणून आईनेच नको म्हटले.

गुरुवार

उरलेल्या शेरवान्या आणि घागऱ्यांचा प्रश्न बोहारणीने सोडवला. तिने कापड बोटांत चोळून, अस्तर उलटून, काय विकले जाईल आणि काय नाही हे झरझर वेगळे केले. कापडाची इतकी पारख मी क्वचित पाहिली आहे. देणाऱ्यांची परवानगी घेऊनच व्यवहार केला. बदल्यात झाकणासह तीन पातेली आणि एक मोठा डबा मिळाला, ते शाळेतल्या बाईंकडे पोहोचते केले. विरलेले सुती कपडे पुसण्यासाठी एका गॅरेजवाल्याने नेले. दोन गोण्या स्वेटर मात्र उसवलेले, कसर लागलेले उरले आहेत. पानिपतला अशा लोकरीचे पुन्हा सूत काढून स्वस्त घोंगड्या विणतात, तिकडे माल पाठवणारा भंगारवाला शोधते आहे.

आता फक्त बूट राहिले आहेत. पट्टा मार्चच्या आसपास पडेल, म्हणजे जानेवारीत बूट पोहोचले तरच त्यांचा या हंगामात उपयोग. वापरलेले बूट दुसऱ्याच्या पायाच्या वळणाचे झालेले असतात, म्हणून ते नवेच घ्यावेत असे मी समितीला सुचवले आणि त्यासाठी वर्गणी काढायला सगळे तयार झाले. बाईंनी कागदावर पाऊल ठेवून काढलेल्या रेघांचे गठ्ठे पाठवले आहेत, त्यांवर प्रत्येकीचे नाव आहे. बायकांचे बहुतेक ४ ते ६ नंबर निघतात. त्या मुलाच्या आईचा ४ आहे. शनिवारी ठोक बाजारात जायचे आहे.