ट्यूब अँपमधली ती केशरी तार

गिटारचा ट्यूब अँप (म्हणजे काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा अँप्लिफायर) ऑन केला की लगेच आवाज येत नाही, थोडं थांबावं लागतं, आणि तेवढ्यात मी दरवेळी मागून वाकून बघतो, काचेच्या आत ती बारीकशी केशरी तार पेटते ना, ते बघायला अजूनही जाम आवडतं. तो हीटर. त्याला बहुतेक वेळा ६.३ व्होल्टच लागतात, त्याने कॅथोड तापतो आणि त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडायला लागतात. समोरच्या प्लेटवर दोन-तीनशे व्होल्ट, मग ते सगळे तिकडे धावतात, आत हवा काढून टाकलेली म्हणून वाटेत अडवायला कोणी नाही.

खरी कमाल मधल्या जाळीची, म्हणजे ग्रिडची, जी अमेरिकन संशोधक ली डी फॉरेस्टने १९०६ मध्ये घातली. गिटारच्या पिकअपमधून, म्हणजे तारांची थरथर पकडणाऱ्या भागातून, येणारा इवलासा सिग्नल ग्रिडवर जातो, ती जास्त निगेटिव्ह झाली की इलेक्ट्रॉन अडतात, कमी झाली की सुटतात, नळाची तोटी फिरवल्यासारखं, आणि प्लेटवर तोच सिग्नल कितीतरी मोठा होऊन मिळतो.

पण माझा जीव अडकलाय तो पुढच्या भागात. जोरात वाजवलं की ट्यूबची मर्यादा येते, पण वेव्हची टोकं कात्रीने कापल्यासारखी जात नाहीत, हळूहळू चेपली जातात, त्यातून नवीन हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर, तयार होतात आणि आवाज भरदार होतो. नॉबला हात न लावता नुसतं पिक (तार छेडायची छोटी चकती) हलकं धरलं तर आवाज क्लीन, जरा दाबून मारलं की गुरगुर!

आणि हो, अँप बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, जीवघेणा चार्ज राहू शकतो, उगाच उघडून हात घालू नका.