सिडनीतलं भाड्याचं घर सोडताना: आमच्या १७२० डॉलरची गोष्ट

मार्च २०२४ मध्ये आम्ही वेस्टमीडचं भाड्याचं घर सोडलं. तीन वर्षं राहिलो तिथे, लेक तिथेच रांगायला शिकली, त्यामुळे रिकाम्या हॉलकडे बघून कुलूप लावताना माझे डोळे भरून आले होते. शुक्रवारी एजंटच्या ऑफिसात चाव्या दिल्या आणि बुधवारी ईमेल आला, सोबत फोटो आणि हिशोब. हॉलचं कार्पेट बदलायचे ११५०, किचनच्या ओट्यावर पिवळा डाग म्हणून ७००, भिंतींना रंग ३८०, कार्पेट स्टीम क्लीनिंग १६५. एकूण २३९५ डॉलर. आमचा बॉन्ड, म्हणजे घराचं डिपॉझिट, होता १७२०, म्हणजे तो सगळा गेला आणि वर ६७५ आम्हीच द्यायचे, आणि खाली एक फॉर्म, इथे सही करा म्हणून.

खरं सांगते, मी सही करणार होते. पुण्यात घर सोडताना मालकाने डिपॉझिटमधून रंगाचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापून घेतलं होतं आणि आपण काय म्हणालो, जाऊ दे, सगळे असंच करतात. इथे तर परका देश, आमचा पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, अजून यायचा होता, आणि ईमेलमध्ये शेवटी एक वाक्य होतं की याचा तुमच्या रेंटल हिस्टरीवर, म्हणजे भाडेकरू म्हणून असलेल्या नोंदीवर, परिणाम होऊ शकतो. ते वाचून पोटात गोळाच आला. नवरा म्हणाला, एक दिवस थांब, आणि त्याने टूंगॅबीच्या आमच्या ओळखीच्या ताईंना फोन लावला, त्या इथे बरीच वर्षं आहेत. त्यांचा पहिलाच प्रश्न, "सही केली नाहीत ना? मग आजच्या आज ऑनलाइन जाऊन तुम्ही आधी क्लेम टाका, पूर्ण रकमेचा."

हे मला माहीतच नव्हतं. आपल्याकडे डिपॉझिट मालकाच्या खिशात जातं. इथे न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनीच्या राज्यात, बॉन्ड एजंटकडेही राहत नाही आणि मालकाकडेही नाही, तो सरकारच्या फेअर ट्रेडिंग खात्याकडे जमा होतो आणि जास्तीत जास्त चार आठवड्यांच्या भाड्याएवढाच घेता येतो (आमचं भाडं आठवड्याला ४३०). घर सोडल्यावर रेंटल बॉन्ड्स ऑनलाइन या त्यांच्या साइटवर भाडेकरू स्वतःहून क्लेम टाकू शकतो. मग समोरच्याला कळवलं जातं, आणि त्याला मान्य नसेल तर १४ दिवसांत त्याने ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे असे वाद सोडवणाऱ्या न्यायाधिकरणात, अर्ज करायचा, नाहीतर पैसे भाडेकरूला मिळतात. म्हणजे सिद्ध करायची जबाबदारी त्यांच्यावर! मी त्या रात्री अकरा वाजता क्लेम टाकला आणि बऱ्याच दिवसांनी शांत झोपले.

रेंटल हिस्टरीचंही ताईंनीच समजावलं, मग मी टेनंट्स अ‍ॅडव्हाइसच्या मोफत फोन लाइनवर विचारून खात्री केली. इथे भाडेकरूंची एक काळी यादी असते, तिच्यात पैशांसाठी नाव टाकायचं तर तुम्ही करार मोडलेला पाहिजे आणि बॉन्डपेक्षा जास्त पैसे देणं लागत असला पाहिजे, शिवाय आधी कळवून हरकत घ्यायला १४ दिवस द्यावे लागतात. नुसता वाद घातला म्हणून नाव जात नाही. आणि हा दिवाणी मामला, व्हिसाशी त्याचा काही संबंध नाही. इथे नवीन आलेल्या कितीतरी जणी मला सांगतात की आम्ही घाबरून सोडून दिले पैसे, तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण चार आठवड्यांचं भाडं ही काही छोटी रक्कम नाही.

एजंटने बाराव्या दिवशी अर्ज केला, ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे ज्याला इथे सगळे एनकॅट म्हणतात. वकील लागत नाही, आपलं आपणच बोलायचं. तारीख यायला काही आठवडे गेले तेवढ्यात आम्ही कागद जमवले.

सगळ्यात जास्त मला लागलं होतं ते ओट्याचं. ईमेलमध्ये लिहिलं होतं की रोजच्या करी कुकिंगमुळे डाग पडला. मी रोज रात्री ओटा पुसून मगच झोपणारी बाई, आणि असं गृहीत धरलं की भारतीय आहेत म्हणजे हळद यांचीच. नवऱ्याने जुन्या ईमेलमधून जानेवारी २०२१ चा कंडिशन रिपोर्ट शोधला. घराची तेव्हाची अवस्था नोंदवलेला हा रिपोर्ट घरात येताना मिळतो आणि सात दिवसांत आपण आपली निरीक्षणं लिहून परत द्यायचा असतो. त्यात माझ्याच अक्षरात होतं, शेगडीच्या उजवीकडे पिवळा डाग, आणि सोबत फोटो, तारखेसकट. तेव्हा मी तो रिपोर्ट कंटाळत भरला होता, लेक पोटात होती आणि पाय सुजले होते, पण भरला.

कार्पेटवरचा डाग मात्र आमचाच. दिवाळीत निरांजनाची वात पडली आणि रुपयाएवढं जळलं. ते आम्ही नाकारलं नाही, नाकारायचंही नव्हतं. पण एका रुपयाएवढ्या डागासाठी अख्ख्या हॉलचं नवं कार्पेट आमच्या पैशाने? त्याच फ्लॅटची २०१५ ची भाड्याची जाहिरात आम्हाला ऑनलाइन सापडली, फोटोत तेच कार्पेट, म्हणजे निदान नऊ वर्षं जुनं. वस्तू जितकी जुनी तितकी तिची किंमत कमी धरतात, नव्याची किंमत भाडेकरूकडून घेता येत नाही. आणि सोफ्याच्या पायांचे खड्डे, दारापाशी विरलेला धागा, उन्हाने उडालेला पडद्याचा रंग, हे सगळं फेअर वेअर अँड टेअर, राहिलं की होणारच, त्याचे पैसे लागत नाहीत.

सुनावणी फोनवर झाली. आधी समेटाचा प्रयत्न होतो, नाही जमलं तर मग निर्णय. मध्यस्थ बाईंनी एजंटला विचारलं, कार्पेट कधी बसवलं त्याची पावती आहे का? नव्हती. ओट्याचा रिपोर्ट बघितल्यावर ते ७०० एजंटने स्वतःच मागे घेतले. स्टीम क्लीनिंगची अट पाळीव प्राणी ठेवला असेल तरच करारात घालता येते आणि आमच्याकडे साधी मांजरही नव्हती, तेही गेलं. कार्पेटचं आयुष्य दहा वर्षं धरून दहावा हिस्सा ११५ आम्ही मान्य केले. कालनिर्णय टांगायला न विचारता मारलेला एक खिळा आमचा होता, भिंतीच्या त्या तुकड्याचे ८० दिले. एजंट फोन ठेवताना नीट बोलला, हेही सांगायला हवं.

१५२५ डॉलर परत आले. त्या संध्याकाळी आम्ही पेंडल हिलच्या नव्या घरातला कंडिशन रिपोर्ट पुन्हा एकदा उघडून वाचला, बाथरूमच्या आरशाची डावी कड फुटलेली आहे ते लिहिलंय की नाही बघायला. लिहिलं होतं.