लाइन नाही, लाइनीत या

दुपारी जेवून पासबुक भरून घ्यायला बँकेत गेलो. दारातला सिक्युरिटीवाला म्हणाला, "काका, लाइन नाहीये." आत बघतो तर पंधरा-वीस माणसं एकामागे एक उभी. माझी नजर ओळखून त्यानं खुलासा केला, "ती लाइन आहे. वरनं लाइन नाहीये. तुम्ही लाइनीत थांबा, लाइन आली की होईल." सगळं स्वच्छ समजलं. शेवटच्या बाईंच्या मागे जाऊन उभा राहिलो.

उभ्या उभ्या दुसरा उद्योग तरी काय? हा 'लाइन' शब्दच डोक्यात घोळवत राहिलो.

माझी आत्या साताऱ्याला पोलीस लाइनीत राहायची. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, हवालदार. मे महिन्यात आम्ही पोरं तिथंच पडीक. तिथली मुलं स्वतःला 'लाइनबॉय' म्हणवून घेत आणि त्यात एक तोरा असे. आम्ही पाहुणे तो सुट्टीपुरता उसना घ्यायचो. बैठ्या खोल्यांच्या रांगा आणि मधे सामाईक नळ. नळाला पाणी पहाटे यायचं, नंबर मात्र आदल्या रात्रीच लागायचे. माणसं झोपलेली, लाइनीत त्यांचे प्रतिनिधी हजर: बुड गेलेली बादली, तुटक्या पट्ट्याची स्लिपर, तेलाचा रिकामा डबा. आत्याचा एक ठरलेला दगड होता, कडेला चुन्याची फुली मारलेला. तो दगड पुढेमागे झाला की पहाटे चार वाजता जी काही भाषा ऐकू यायची, तिच्यावर खरं तर त्याच लाइनीतल्या निम्म्या खात्याला गुन्हा नोंदवता आला असता.

शिपायांच्या वस्तीला लाइन म्हणायची ही तऱ्हा गोऱ्या पलटणींची. नागपुरातली सिव्हिल लाइन्स साहेबांची, कोल्हापुरात तर लाइन बाजार. मरीन लाइन्सचंही तसंच. मी कित्येक वर्षं समजत होतो की ते नाव रुळांवरून पडलं असेल, नाहीतर समुद्राच्या कडेवरून. तिथं मरीन बटालियनच्या बराकी होत्या, त्या लाइन्स. म्हणजे वेस्टर्न लाइनला मरीन लाइन्स नावाचं स्टेशन आहे आणि या लाइनीचा त्या लाइनीशी काडीचा संबंध नाही. रोज लाखभर माणसं तिथून जातात, कुणाचं काही अडत नाही.

शाळेत भूमितीच्या बाई "आधी पट्टीनं लाइन मारा" म्हणाल्या, की मागच्या बाकांवर खसखस पिकायची. त्यांच्या ते लक्षात आलं असावं, कारण दिवाळीनंतर त्या एकदम "रेषा काढा"वर आल्या. मग खसखस पिकवायला आम्ही दुसरं काहीतरी शोधलं. पुढे त्याच वर्गातल्या पोरांच्या सोयरिकी जमायला लागल्या, तेव्हा लोक विचारायचे, "मुलगा कुठल्या लाइनला आहे?" मुलगा लाइनीला लागला म्हणजे पेढे. नको त्या लाइनीला लागला असेल, तर सांगणाऱ्याचा आवाज खाली.

बँकेतली लाइन तसूभरही हलली नव्हती. तेवढ्यात एक गृहस्थ बाजूनं सरळ काउंटरला गेले. "फक्त विचारायचंय." माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते या दोन शब्दांनी. लालबागला नवसाच्या लाइनीत माणसं रात्र-रात्र काढतात, ज्यांना तेवढा धीर नाही ती मुखदर्शनाच्या लाइनीत जातात. पण 'फक्त विचारायचंय'वाल्यांची तिसरी लाइन कुठल्याच मांडवात नाही, ती ते स्वतः पाडतात. आणि त्यांनी नुसतं विचारून परत आल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही. खिशातून चेक निघतोच. याही गृहस्थांच्या निघाला.

बाकी सगळ्या लाइनींना पुरून उरते ती विजेची. जुन्नरकडे माझा मामेभाऊ शेती करतो, त्याच्या तोंडी वीज हा शब्द फक्त ढगातल्या विजेसाठी. "दादा, लाइन आली, ठेवतो," असं म्हणून तो वाक्य अर्धवट तोडून फोन बंद करतो. महावितरणनं लाइनमनला 'जनमित्र' केलंय; गावात तो वायरमनच, आणि त्याचा नंबर डॉक्टरच्या नंबराच्या वर लिहिलेला असतो. शेतीपंपाला थ्री फेज मिळते आठ तास, तीही पाळीपाळीनं: काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. मोटारीला ऑटो बसवलाय, लाइन आली की ती आपोआप उचलते. पण उसाला दारं धरायला माणूसच लागतो. एका सरीत पाणी भरलं की खोऱ्यानं दार मोडायचं, पुढच्या सरीत वळवायचं, हे रात्री दीड वाजता, पायात गमबूट, डोक्याला बॅटरी. उसात बिबट्या असतो. असू शकतो असं नव्हे, असतोच. म्हणून मोबाइलवर भजनं मोठ्यानं लावून ठेवायची.

2017 साली सौर कृषी वाहिनी योजना आली, 2023 मध्ये तिचीच दुसरी आवृत्ती आली. शेतकऱ्याला दिवसाची लाइन मिळावी यासाठीच ती. काही फीडरांवर, म्हणजे सबस्टेशनातून निघणाऱ्या मुख्य लाइनींवर, मिळतेही. मामेभावाच्या फीडरवर अजून आलेली नाही. या आठवड्यात त्याची रात्रीची लाइन आहे, म्हणजे दुपारी तो झोपलेला असणार. मामींचा फोन उचलतो तो त्यांचा नातू, आणि त्याला कुणी शिकवून ठेवलंय की काय कोण जाणे, तो आधीच सांगतो, "बाबांना उठवायचं नाही."